संदेशाची भाषा आणि इंग्रजीचा तास

भ्रमणध्वनीवरील संदेशांनी मुलांची भाषा बिघडविली, ही तक्रार आज शिक्षकांच्या कोणत्याही बैठकीत ऐकावयास मिळते. इंग्रजीचे शिक्षक म्हणतात की, निबंधातही आता तोडके शब्द आणि अपुरी वाक्ये येऊ लागली आहेत; हिंदीचे शिक्षक म्हणतात की, मुलांना देवनागरी लिहिण्याचा कंटाळा येऊ लागला आहे; आणि घरोघरची वडील मंडळी म्हणतात की, मुले बोलेनाशी झाली, नुसती बोटे चालवितात. ही तक्रार खरी की खोटी हे ठरविण्यापूर्वी एक साधा प्रश्न विचारणे अवश्य आहे. ही संदेशाची भाषा म्हणजे नेमके काय? ती बोलभाषा आहे, लेखी भाषा आहे, की या दोहोंहून निराळे असे काही आहे? ज्या गोष्टीचे स्वरूप आपण तपासले नाही, तिच्यावर निकाल देणे शिक्षकास शोभणारे नाही.

माध्यमिक शाळेत इंग्रजीच्या तासाला बोलभाषेचा आणि संदेशभाषेचा अभ्यास का करावा व कसा करावा, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. मराठी साहित्याच्या नियतकालिकात इंग्रजीच्या तासाची चर्चा कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, ग्वाल्हेरसारख्या नगरात मराठी कुटुंबे पिढ्यानपिढ्या राहत आली असली, तरी त्यांच्या बहुतेक मुलांना शाळेत मराठी हा विषय नाही. या मुलांच्या हातून मराठीचे लेखन घडते ते आज जवळजवळ एकाच ठिकाणी, आणि ते ठिकाण म्हणजे हा संदेश होय. त्यामुळे संदेशाच्या भाषेकडे आपण कोणत्या दृष्टीने पाहतो, यावर केवळ इंग्रजीचे गुण अवलंबून नाहीत. आपल्याकडील मराठीचे लेखी जीवनही काही अंशी त्यावरच अवलंबून आहे.

बोलणे आणि लिहिणे

बोलभाषा म्हणजे चुकांनी भरलेली लेखी भाषा, असा एक समज आपल्या मनात खोल रुजलेला आहे. तो प्रथम दूर केला पाहिजे. बोलणारा आणि ऐकणारा समोरासमोर असतात. प्रसंग दोघांनाही दिसत असतो. म्हणून जे दिसते ते सांगावे लागत नाही, आणि वाक्य अर्ध्यावर सोडले तरी अर्थ पुरा होतो. ‘म्हणजे’, ‘बरं का’, ‘काय झालं की’ हे शब्द लेखात आले तर आपण ते निरर्थक म्हणून खोडतो. परंतु बोलण्यात ते निरर्थक नसतात. बोलणाऱ्यास पुढचे वाक्य जुळविण्यास ते अवधी देतात, आणि ऐकणाऱ्याचे लक्ष धरून ठेवतात. इंग्रजी बोलणारा ‘वेल’, ‘यू नो’, ‘आय मीन’ असे म्हणतो तेव्हा तो हेच करीत असतो. ज्या मुलाला हे उमगले, त्याला आपल्या निबंधातून हे शब्द का वगळावयाचे हेही उमगते. नुसती लाल रेघ मारून ते उमगत नाही.

आपल्या मुलांच्या इंग्रजीतील पुष्कळशा चुका व्याकरणाच्या नसतात, बोलण्याच्या रिवाजाच्या असतात. एक उदाहरण घेऊ. आईने हाक मारली की मूल दुसऱ्या खोलीतून ‘आलो’ असे उत्तर देते. ते अजून आलेले नसते. कदाचित उठलेलेही नसते. क्रियापद भूतकाळी, अर्थ मात्र नजीकच्या भविष्याचा. याच ठिकाणी इंग्रज मूल ‘कमिंग’ म्हणेल. आता याच्या उलट प्रसंग पाहा. पाहुण्याने निरोप घेताना ‘जातो’ म्हणू नये, ‘येतो’ म्हणावे, हा आपला शिष्टाचार. मराठी विद्यार्थी दारातून बाहेर पडताना इंग्रजीत ‘आय ॲम कमिंग’ म्हणतो, तेव्हा त्याचा काळ चुकलेला नसतो, कर्ताही चुकलेला नसतो. त्याने आपला रिवाज जसाच्या तसा परभाषेत नेलेला असतो. व्याकरणाच्या पुस्तकात या चुकीला जागा नाही. ती समजावून द्यावयाची तर दोन्ही भाषांतील बोलण्याचाच अभ्यास करावा लागतो.

आदरार्थाचेही तसेच आहे. मराठीत ‘तू’, ‘तुम्ही’, ‘आपण’ अशा पायऱ्या आहेत. हिंदीतही त्या आहेत. इंग्रजीत मात्र एकच ‘यू’. यावरून इंग्रजीत आदर दाखविण्याची सोय नाही असा निष्कर्ष काढणे चूक ठरेल. इंग्रजीत आदर सर्वनामात नसून क्रियापदाच्या रूपात असतो. ‘कॅन यू’पेक्षा ‘कुड यू’ नम्र, आणि त्याहूनही अधिक नम्र व्हावयाचे तर सारे वाक्यच आडवळणाने रचावे लागते. आपला विद्यार्थी आज्ञार्थी वाक्याला ‘प्लीज’ जोडतो आणि आपण विनंती केली असे समजतो. समोरच्या इंग्रजी भाषकाला ती विनयाने केलेली आज्ञाच वाटण्याचा संभव असतो.

वाचन-लेखनाच्या बरोबरीने बोलणे व ऐकणे हेही शिकविण्याचे विषय आहेत, ही जाणीव इंग्लंडातही फार जुनी नाही. अँड्र्यू विल्किन्सन यांनी साक्षरतेच्या धर्तीवर ‘ऑरसी’ हा शब्द १९६५ साली प्रचारात आणला. आपण त्याला वाक्‌क्षमता म्हणू. पुढे १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या बुलक समितीच्या अहवालाने शाळेतील प्रत्येक विषयात भाषेचे स्थान मोलाचे आहे असे प्रतिपादन केले आणि त्यात बोलण्याला महत्त्व दिले. मराठीतही बोलभाषा व लेखी भाषा यांचा संबंध काय असावा हा प्रश्न आपल्या विद्वानांस सोडवावा लागला. १९६२ सालच्या शुद्धलेखनविषयक नियमांत बोलण्यातील ‘असं’, ‘केलं’ ही रूपे लेखनात कशी दाखवावीत याची सोय केलेली आहे. म्हणजे बोलभाषेला लेखनाचे दार बंद नव्हते. ती कोठे व कशी आणावी, एवढाच प्रश्न होता.

संदेशाची जडणघडण

आता संदेशाकडे वळू. पहिला लघुसंदेश ३ डिसेंबर १९९२ रोजी इंग्लंडात पाठविला गेला. त्यात नाताळच्या शुभेच्छांपलीकडे काही नव्हते. या लघुसंदेशाला एक ठरावीक माप होते. त्यात एकंदर १,१२० बिट मावत. रोमन लिपीतील एका अक्षरास सात बिट लागत, म्हणून १६० अक्षरे बसत. देवनागरीसारख्या लिपीतील प्रत्येक चिन्हास मात्र सोळा बिट लागत, म्हणून ७० चिन्हांवर संदेश संपे. त्यातही मात्रा, वेलांटी, उकार, हलन्त ही सारी स्वतंत्र चिन्हे म्हणून मोजली जात. ‘ग्वाल्हेर’ हा शब्द आपल्याला तीन अक्षरांचा दिसतो. यंत्राच्या हिशेबी तो नऊ चिन्हांचा, म्हणजे १४४ बिटांचा होतो. तोच रोमन लिपीत सात अक्षरांत, ४९ बिटांत बसतो. एकाच शब्दाला देवनागरीत जवळजवळ तिप्पट जागा लागे, आणि माप ओलांडले की दोन संदेशांचे पैसे पडत.

त्यात फोनवर अंकांच्या कळा. एका कळेवर तीन किंवा चार अक्षरे. ‘एस’ उमटवावयाचे तर सात या अंकाची कळ चार वेळा दाबावी लागे. अशा स्थितीत ‘यू’ या शब्दाची तीन अक्षरे लिहिण्याऐवजी त्याच उच्चाराचे एकच अक्षर लिहावे, ‘ग्रेट’ या शब्दाच्या शेवटी आठचा अंक बसवावा, हे ओघानेच आले. हा मुलांचा आळस नव्हता. तंत्राने घातलेल्या बंधनातून काढलेली ती वाट होती. आपल्याकडे मराठी संदेश रोमन लिपीत लिहिण्याची सवय लागली तिचेही मूळ बऱ्याच अंशी येथेच आहे. देवनागरीला युनिकोडच्या १९९१ सालच्या पहिल्या आवृत्तीतच स्थान मिळाले होते. परंतु सर्वसामान्य माणसाच्या हातातील फोनवर ती सहज उमटू लागण्यास पुढे बरीच वर्षे जावी लागली. तोवर एका पिढीची बोटे रोमन लिपीवर बसून गेली होती.

आज अक्षरांचे बंधन उरलेले नाही, पैशांचेही नाही. तरीही संदेशाची तऱ्हा पूर्णपणे बदलली नाही, कारण तिला आता दुसरे काम मिळाले आहे. संदेश लिहिला जातो, परंतु वाचणारा क्षणात उत्तर देतो. म्हणजे लिहून केलेले हे संभाषणच होय. संभाषणात आवाजाचा चढउतार असतो, चेहरा असतो, हातवारे असतात. कागदावर यांतील काहीच नाही. ती उणीव भरून काढण्यासाठी मुले अक्षरे लांबवितात, विरामचिन्हे दुप्पट-तिप्पट करतात, हसरी-रडकी चित्रे घालतात. एकशब्दी उत्तरापुढे पूर्णविराम दिला तर वाचणाऱ्यास तो रुक्ष वाटतो, असे अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांवर केलेल्या प्रयोगांत दिसून आले आहे. निबंधात पूर्णविराम न देणे ही चूक. संदेशात तो देणे हा कधी कधी रागाचा इशारा. एकाच चिन्हाला दोन ठिकाणी दोन अर्थ प्राप्त झाले आहेत. हे आपल्या मुलांना कळते. आपण त्यांना ते शब्दांत मांडावयास शिकविले पाहिजे.

या तोडक्या शब्दांनी वर्णलेखन बिघडते काय, याचाही शोध घेतला गेला आहे. भाषाशास्त्रज्ञ डेव्हिड क्रिस्टल यांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दाखवून दिले की, संदेशांत अशा संक्षिप्त रूपांचे प्रमाण आपण समजतो त्याहून बरेच कमी असते, आणि त्यांतील कित्येक युक्त्या भ्रमणध्वनीच्या फार पूर्वीच्या आहेत. कॉव्हेंट्री विद्यापीठातील संशोधकांना दहा ते बारा वर्षांच्या इंग्रज मुलांत असे आढळले की, जी मुले अशी रूपे अधिक वापरीत, त्यांचे वाचन व वर्णलेखन उणे नसून सामान्यतः चांगलेच होते. याचे कारण उघड आहे. आठच्या अंकाने ‘ग्रेट’ लिहावयाचे तर ध्वनी आणि अक्षर यांचा संबंध आधी कळावा लागतो. तथापि हे निष्कर्ष ज्यांची मातृभाषा इंग्रजी आहे अशा मुलांचे आहेत. आपल्या मुलांना इंग्रजीचे प्रमाण वर्णलेखनच पुरते परिचित नसते. ज्याने मूळ रूप पाहिलेच नाही, त्याला संक्षिप्त रूप हेच मूळ वाटण्याचा धोका असतो. म्हणून शिक्षकाचे काम आपल्याकडे अधिक नाजूक आहे. संदेशाला शिव्या देऊन ते साधणार नाही, आणि त्याकडे काणाडोळा करूनही साधणार नाही.

मायन्याची परंपरा

संक्षेपाची आपल्याला नवलाई वाटावी असे काही नाही. मराठी पत्रव्यवहाराइतका संक्षेपाचा सोस क्वचितच कोणाला असेल. ‘सा. न. वि. वि.’, ‘ती.’, ‘चि.’, ‘अ. उ. आ.’ ही रूपे आपल्या आजोबांच्या पत्रांत ओळीओळीला येत. मोडी लिपीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळला जात नसे, लेखणी शक्य तोवर उचलावयाची नाही असा प्रघात असे, आणि वाचणाऱ्याने संदर्भाने अर्थ लावावा अशी अपेक्षा असे. शिंद्यांच्या दौलतीचा राजकारणी पत्रव्यवहार अशाच लिपीत चालला. त्यामुळे भाषा बुडाली असे कोणी म्हटल्याचे ऐकिवात नाही.

मात्र त्या परंपरेत एक गोष्ट कटाक्षाने सांभाळली जाई. वडिलांस ‘चि.’ लिहिणे आणि धाकट्या भावास ‘ती.’ लिहिणे अक्षम्य होते. मायना म्हणजे नुसता शब्दांचा साचा नव्हता. आपण कोण, समोरचा कोण आणि आपल्यातील नाते काय, याचा तो लेखी कबुलीजबाब होता. संक्षेप चालत असे, अनौचित्य चालत नसे. अकराव्या शतकात काश्मीरच्या क्षेमेंद्राने काव्याच्या संदर्भात औचित्याचा जो विचार मांडला, त्याचे व्यवहारातील रूप आपल्या पत्रलेखनात होते असे म्हणण्यास हरकत नाही. आजच्या संदेशात खरी उणीव असेल तर ती येथे आहे. मित्राला लिहावयाचा संदेश मूल मुख्याध्यापकांस पाठविते. रजेचा अर्ज दोन तोडक्या शब्दांत करते. त्याला तोडके शब्द येतात म्हणून हे घडत नाही. मायन्याचा विचार त्याला कोणी शिकविला नाही, म्हणून घडते. तो शिकविण्याची जागा भाषेचा तास हीच होय.

ग्वाल्हेरचे मराठी मूल

आता आपल्या नगराचा विचार करू. १८१० साली दौलतराव शिंदे यांनी किल्ल्याच्या दक्षिणेस आपल्या फौजेचा तळ कायम केला आणि त्याच तळाचे ‘लष्कर’ हे नगर झाले. दरबार, फौज, दफ्तर आणि संगीत यांच्या आश्रयाने मराठी कुटुंबे येथे स्थिरावली. भा. रा. तांबे हे या संस्थानचे राजकवी. त्यांचे देहावसान १९४१ साली येथेच झाले. त्यावेळच्या ग्वाल्हेर संस्थानातील श्योपूर येथे १९१७ साली जन्मलेले गजानन माधव मुक्तिबोध हिंदीचे श्रेष्ठ कवी ठरले, तर त्यांचे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध यांनी मराठीत कीर्ती मिळविली. त्याच वर्षी ग्वाल्हेरात जन्मलेले प्रभाकर माचवे हिंदी, मराठी आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांत लिहीत. १९६१ साली कुसुमावती देशपांडे यांच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलन याच नगरात भरले. एकाच घरात दोन-तीन भाषांचे साहित्यिक निपजावेत, हे या प्रदेशाचे वैशिष्ट्य होते. दुसऱ्या भाषेमुळे पहिली क्षीण होत नाही, याचा तो पुरावा आहे.

परंतु त्या पिढीला मराठी लिहिता-वाचता येत होते. १९४८ साली संस्थान मध्य भारतात आणि १९५६ साली मध्य भारत मध्य प्रदेशात विलीन झाल्यानंतर कचेरीची आणि शाळेची भाषा हिंदी झाली. ते स्वाभाविकच होते. पुढे इंग्रजी माध्यमाच्या शाळा आल्या. २०११ च्या जनगणनेत मध्य प्रदेशात मराठी मातृभाषा सांगणाऱ्यांची संख्या बारा लाखांच्या आसपास होती. परंतु मातृभाषा सांगणे आणि ती लिहिणे यांत पुष्कळ अंतर आहे. हरिशंकरपुरमसारख्या वसाहतीतील मराठी मूल आज घरात मराठी बोलते, गल्लीत हिंदी बोलते आणि वहीत इंग्रजी लिहिते. त्याच्या मराठीत हिंदीची वळणे आहेत. ‘तो चालला गेला’, ‘मी करून राहिलो’ असे ते सहज म्हणते. पुण्याच्या मावसभावाला हसू येते, म्हणून पुढे ते मराठीत बोलावयास लाजते. पुण्याला किंवा नागपूरला असलेल्या आजीला संदेश पाठविताना मात्र ते मराठीत लिहिते, आणि लिहिते रोमन लिपीत.

या रोमन मराठीचे स्वरूप आपण बारकाईने पाहिले पाहिजे. रोमन लिपीत ‘ल’ आणि ‘ळ’ यांना एकच अक्षर, ‘न’ आणि ‘ण’ यांना एकच, ‘त’ आणि ‘ट’ यांना एकच, ‘द’ आणि ‘ड’ यांना एकच. ‘अ’ आणि ‘आ’ यांतील भेदही बहुधा पाळला जात नाही. के, ए, एल ही तीन अक्षरे लिहिली की ती ‘काल’, ‘काळ’, ‘कळ’, ‘कल’ यांपैकी काहीही असू शकतात. ‘आजीने वेळ लावला’ आणि ‘आजीने वेल लावला’ ही दोन वाक्ये रोमन लिपीत अक्षरशः एकसारखी दिसतात. एकात आजी उशीर करते, दुसऱ्यात ती अंगणात वेल लावते. आजीला अर्थ लागतो, कारण तिच्या कानात मराठी आहे. संदेश लिहिणाऱ्या मुलालाही लागतो, कारण त्याने घरात ती ऐकली आहे. परंतु त्या मुलाचे पुढे होणारे मूल, ज्याने मराठी फारशी ऐकलेली नसेल, त्याला या अक्षरांतून ‘ळ’ कधीच सापडणार नाही. रोमन मराठी ही ज्याला मराठी येते त्याच्यापुरती सोय आहे. ज्याला ती यावयाची आहे त्याला तिच्यातून मराठी मिळत नाही. मोडीच्या वेळी बालबोध लिपी जोडीला होती, ग्रंथ होते, कीर्तन-प्रवचने होती. आज या मुलांपाशी संदेशाखेरीज दुसरे मराठी लेखन नाही.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीस अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला, याचा आपणां सर्वांस अभिमान आहे. परंतु दर्जा ग्रंथसंपदेला मिळतो. भाषेची पुढची पिढी मात्र एकेका मुलाच्या एकेका वाक्यातून घडते. ते वाक्य आज फोनच्या पडद्यावर लिहिले जात आहे. त्याची थट्टा केली तर मूल हिंदीत किंवा इंग्रजीत लिहू लागेल, आणि आपल्या घरातील मराठीचे शेवटचे लेखी स्थान आपण आपल्याच हाताने रिकामे करू.

तासाला काय करावे

मराठीचा तास नाही म्हणून रडत बसण्यापेक्षा इंग्रजीच्या तासाला काय करता येईल ते पाहावे. इयत्ता नववी-दहावीच्या वर्गात, पाठ्यपुस्तक न सोडता, पंधरवड्यातून एखादा तास पुढील प्रकारे खर्च करणे कोणत्याही शाळेत शक्य आहे. त्यासाठी वर्गात फोन आणण्याची गरज नाही. फळा, खडू आणि वही पुरेत.

पहिला पाठ लिप्यंतराचा नव्हे, श्रवणाचा. दोन विद्यार्थ्यांनी एखाद्या विषयावर इंग्रजीत दोन मिनिटे बोलावे आणि इतरांनी ते जसेच्या तसे, अडखळण्यासकट आणि थांबण्यासकट टिपून घ्यावे. मग तोच मजकूर वृत्तान्ताच्या रूपाने लिहावा. बोलण्यातील काय गळाले, काय वाढले, कोणता शब्द बदलला, याची यादी फळ्यावर करावी. लेखी इंग्रजीची शिस्त कशासाठी आहे हे अशा एका तासात जितके कळते, तितके नियमांच्या पाठांतराने कळत नाही.

दुसरा पाठ मायन्याचा. ‘शनिवारच्या सहलीस मी येऊ शकत नाही’ ही एकच गोष्ट चौघांना कळवावयाची: मित्राला, आजीला, वर्गशिक्षकांना आणि सहलीची गाडी ठरविणाऱ्या कचेरीला. मित्राला तीन शब्द पुरतात. आजीला कारण सांगावे लागते, प्रकृतीची चौकशीही करावी लागते. शिक्षकांस दिलगिरी कळवावी लागते. कचेरीला तारीख, नाव आणि पैसे परत मिळण्याविषयीची विनंती लागते. आजीचा संदेश मुलाने आपल्या घरच्या भाषेत लिहावा, बाकीचे इंग्रजीत. चारही संदेश शेजारी शेजारी ठेवले म्हणजे ‘कुड यू’ केव्हा आणि ‘यू’चे एकाक्षरी रूप केव्हा, हे मुलांनाच सांगता येते.

तिसरा पाठ लिपीचा. रोमन लिपीत लिहिलेली घरच्या भाषेतील चार-पाच वाक्ये फळ्यावर मांडून त्यांचे किती अर्थ होतात ते मुलांनी शोधावे, आणि मग ती देवनागरीत लिहावीत. वर्गात सारी मुले मराठी नसतात. ग्वाल्हेरात हिंदी, बुंदेली, सिंधी, पंजाबी अशा अनेक घरांतील मुले एका बाकावर बसतात. प्रत्येकाने आपल्या घरची वाक्ये आणावीत. इंग्रजीतही उच्चार आणि अक्षरे यांची ताटातूट किती आहे, हे या तुलनेतून आपोआप दिसते; आणि मराठी मुलाला आपला ‘ळ’ ही सांभाळण्याजोगी वस्तू आहे हे प्रथमच जाणवते. देवनागरी टंकलेखन आता अवघड राहिलेले नाही. बोललेले शब्द देवनागरीत उमटविण्याची सोयही अनेक फोनांवर आहे. फोनची कळफलकभाषा हिंदी ठेवली तर तो हिंदी शब्दच पुढे करतो, म्हणून मराठी निवडावयाची असते, एवढे सांगितले तरी पुष्कळ काम होते.

एक पथ्य मात्र कसोशीने पाळावयाचे. मुलांचे खाजगी संदेश वर्गात मागू नयेत, आणि कोणाचे बोलणे त्याच्या संमतीवाचून टिपून घेऊ नये. अभ्यासासाठी लागणारे संदेश वर्गातच रचून घ्यावेत. ज्याच्या घरी फोन एकच आहे किंवा नाही, त्यालाही मग संकोच वाटणार नाही.

काही आक्षेप

हे सारे परीक्षेत नाही, मग त्यावर वेळ का दवडावा, हा पहिला आक्षेप. याबाबत इंग्लंडचा अनुभव लक्षात घेण्याजोगा आहे. तेथे २०१० पासून शिकविल्या जाऊ लागलेल्या माध्यमिक परीक्षेच्या इंग्रजी अभ्यासक्रमात बोलभाषेच्या अभ्यासाचा एक स्वतंत्र भाग होता; मुले प्रत्यक्ष संभाषणांचे आणि संदेशांचेही विश्लेषण करीत. परंतु शाळेतच दिल्या जाणाऱ्या गुणांच्या विश्वासार्हतेविषयी शंका उत्पन्न झाली. २०१४ पासून बोलण्या-ऐकण्याचे गुण अंतिम श्रेणीतून वगळण्यात आले, आणि २०१५ पासून शिकविल्या जाणाऱ्या नव्या अभ्यासक्रमात बोलभाषेच्या त्या अभ्यासाला जागा राहिली नाही. परीक्षेत आल्यामुळे विषयाला प्रतिष्ठा मिळते हे खरे. परंतु परीक्षेबरोबर आलेला विषय परीक्षेबरोबर जातोही. आपल्याकडे संभाषणकौशल्याचे गुण पुष्कळदा पाठ केलेल्या आत्मपरिचयावर दिले जातात, हे कोणा शिक्षकास ठाऊक नाही? म्हणून हा अभ्यास गुणांच्या यादीत न घालता अध्यापनाच्या पद्धतीत मुरविणे अधिक हिताचे होय. त्याचे फळ अर्जलेखन, पत्रलेखन आणि वृत्तान्तलेखन यांत दिसल्यावाचून राहत नाही, आणि हे प्रश्न परीक्षेत असतातच.

दुसरा आक्षेप असा की, संदेशभाषेचा अभ्यास केला तर तिला प्रतिष्ठा मिळून प्रमाणभाषा मागे पडेल. वैद्य तापाचा अभ्यास करतो म्हणून ताप वाढत नाही, हे उत्तर पुरेसे झाले असते. परंतु येथे ते लागू नाही, कारण संदेशभाषा हा रोगच नव्हे. ती एका विशिष्ट प्रसंगाची भाषा आहे. प्रसंग ओळखून भाषा बदलता येणे हीच भाषाप्रभुत्वाची खूण होय. ज्याला एकच भाषारूप येते तो प्रमाणभाषेचा उपासक नसून केवळ तिचा कैदी असतो.

तिसरा आक्षेप शिक्षकांकडून येईल: आम्हांस मराठी येत नाही, आम्ही मराठी वाक्ये कशी तपासावी? ती तपासावयाची नाहीतच. मुलाने आपल्या घरच्या वडील माणसांकडून ती तपासून आणावीत. हिंदीभाषक शिक्षकासमोर मराठी मुलाने ‘ळ’चा उच्चार समजावून सांगणे, हाही बोलण्याचा उत्तम पाठ आहे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षणधोरणात घरच्या भाषेला जे महत्त्व दिले आहे, त्याची अंमलबजावणी एवढ्या साध्या मार्गानेही सुरू करता येते.

शेवटी अकादमीच्या सभासदांस एक विनंती. आपण संमेलने भरवितो, ग्रंथ प्रसिद्ध करतो, व्याख्याने करवितो. ही कामे चालावीतच. त्यांच्या जोडीला दोन लहान गोष्टी कराव्यात. पहिली, सणाच्या शुभेच्छा, प्रकृतीची चौकशी, आभार, सांत्वन, दिलगिरी अशा प्रसंगी वडिलांस, बरोबरीच्यांस आणि धाकट्यांस काय लिहावे, याची चार-आठ पानांची देवनागरी पुस्तिका काढावी. आजची मुले लांब पत्र लिहिणार नाहीत. तीन ओळींचा संदेश लिहितील. तो नीट लिहिता यावा एवढेच साहाय्य त्यांस हवे. दुसरी, सुट्टीच्या दिवसांत एखाद्या दुपारी आजी-आजोबा आणि नातवंडे यांना एकत्र बसवून फोनवर मराठी कळफलक कसा लावावा, हे दाखवावे. आजोबांस शुद्धलेखन येते, कळफलक येत नाही. नातवास कळफलक येतो, शुद्धलेखन येत नाही. दोघांनी एकमेकांस शिकवावे. संदेशात चुका असल्या तरी हरकत नाही. आजोबांनी उत्तर देताना तोच शब्द शुद्ध रूपात लिहावा, आणि उत्तर मराठीतच द्यावे.